खालची चार बोटं

तिला सगळे वकीलबाई म्हणत. काळा कोट तिने उभ्या जन्मात अंगाला लावलेला नव्हता, आणि शाळा तर सातवीतच सुटलेली. बसथांब्यांवर पोस्टरं चिकटवायचं काम ती बावीस वर्षं करत होती आणि त्या बावीस वर्षांत एकही हुकूम तिने "का?" विचारल्याशिवाय पाळला नव्हता. खळ एवढी पातळ का? शिडी एवढी जड का? जेवायची सुट्टी अर्धाच तास का? तिची शिडी धरणारा जोडीदार म्हणजे गरीब गाय. तो म्हणायचा, "बाई, तू यमालासुद्धा आधी कागद दाखव म्हणशील." त्यावर ती म्हणायची, "म्हणणारच. चुकून शेजारणीचं वॉरंट घेऊन आला असला तर?"

एवढी चौकस बाई, पण एक गोष्ट तिनेही कधी विचारली नव्हती. थांब्यांवरच्या पत्र्याच्या चौकटी जुन्या होत्या आणि पोस्टरं यायची नव्या मापाची, चार बोटं लांब. ती चार बोटं कुठून कापायची? खालून. वर मथळा असतो, हसरा चेहरा असतो. खाली कंपनीचा पत्ता आणि मुंगीएवढ्या अक्षरांतल्या अटी. त्या वाचतो कोण? म्हणून वरून चिकटवत खाली यायचं, ब्रशने सुरकुत्या काढायच्या आणि शेवटी पत्र्याच्या कडेवरून झर्रकन पातं फिरवायचं. खाली लोंबणारी ओली पट्टी पोत्यात टाकायची. तिला हे मुकादमाने शिकवलं, मुकादमाला त्याच्या मुकादमाने. गिऱ्हाइकाला दाखवायचे फोटो मुकादम रस्त्याच्या पलीकडून काढायचा. त्यात बाकाच्या वरचं सगळं दिसायचं आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं.

मग एके दिवशी लहान मुलांवरच्या अत्याचाराविरुद्धचं पोस्टर आलं. कुठल्याशा संस्थेचं होतं. चौऱ्याऐंशी थांबे, एका आठवड्यात लावून व्हायला हवेत आणि महिनाभर राहायला हवेत. चित्र असं : अंधारी खोली, कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेली मुलगी, शेजारी हात तुटलेली बाहुली, आणि भिंतीवर एका माणसाची लांबच लांब सावली. सावलीच्या डोक्यावर हॅट, अंगात पायघोळ कोट. वर ठळक अक्षरांत 'तिचं बालपण वाचवा'. एका बाजूला असल्या किती प्रकरणांची नोंद होते त्याचा आकडा. दुसऱ्या बाजूला हाताची घडी घातलेले, गंभीर चेहऱ्याचे एक डॉक्टर. आणि सगळ्याच्या खाली, 'गप्प राहू नका'.

पहिले तीन दिवस वकीलबाईने तोंडातून अक्षर न काढता ती मुलगी थांब्याथांब्यावर चिकटवली. चित्राकडे बघायचं नाही, फक्त कोपरे बघायचे. चौथ्या दिवशी जोडीदार काळजीत पडला. "तब्येत बरी आहे ना? सकाळपासून कुणाशी भांडली नाहीस."

"शिडी नीट धर," ती म्हणाली.

आता रविवारच्या वर्गाचं सांगायला हवं. मुकादम पाच महिन्यांनी निवृत्त होणार होता आणि त्याची जागा वकीलबाईला मिळणार असं सगळेच धरून चालले होते. अडत होतं एका कागदावर. मुकादम व्हायला दहावी पास लागत होतं. मग बावन्नाव्या वर्षी ती दर रविवारी सकाळी एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन छोट्या पोरांच्या बाकात स्वतःला कोंबून बसू लागली. वर्गात नऊ जण. एक शिंपी, एक स्वयंपाकीणबाई, दोन रखवालदार आणि असेच बाकीचे, सगळ्यांचे गुडघे बाकाला घासणारे. शिकवणाऱ्या बाई तिच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांना ती "बाई" म्हणायची आणि त्या तिला "ताई".

त्या रविवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं : जाहिरात आपल्याला कशी पटवते?

"तीन दारांनी ती आपल्या आत शिरते," बाई म्हणाल्या. "एक, मनाला हात घालते. दोन, पुरावा देते. तीन, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाच्या तोंडून बोलते. प्रत्येकाने एक जाहिरात घ्या आणि ही दारं शोधा."

शिंप्याने साबण घेतला, स्वयंपाकीणबाईंनी तेल. वकीलबाईची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "मी ती कोपऱ्यातली पोरगी घेते."

ती उभी राहिली. बाकातून निघताना गुडघा आपटला तरी तिचं लक्ष नव्हतं. "मनाला हात घालायला पोरगी आहे, मोडकी बाहुली आहे. पुराव्याला आकडा आहे. वजनाला डॉक्टर आहे. तिन्ही दारं सताड उघडी आहेत, बाई. पण आत शिरतंय कोण? बसची वाट बघणारा मोठा माणूस. तो म्हणतो, 'अरेरे, बिचारी.' बस आली की चढतो आणि खिडकीची जागा शोधतो. जिच्यावर बेतलंय ती पोरगी त्याच थांब्यावर दप्तर घेऊन उभी असते. तिच्याशी कोण बोलतंय? ती चित्र बघून एवढंच शिकते, की असं झालं की तोंड लपवून कोपऱ्यात बसायचं असतं."

बाईंनी खडू खाली ठेवला.

"आणि ती सावली! या गावात हॅट घालून हिंडणारा एक माणूस दाखवा मला. चोर सोडून संन्याशाला फाशी! पोर हॅटवाल्याला बघून पळेल आणि घरातल्या चपला घालून येणाऱ्याला दार उघडेल. तो कसा दिसतो ते कुणी काढलंय? तो खाऊ आणतो. तो सगळ्यांचा लाडका असतो."

बोलता बोलता तिचा आवाज कापला आणि त्या कापण्याचाच तिला भयंकर राग आला. शिंप्याने उगाच खाकरून घेतलं.

"ताई, फार नेमकं बोललात," बाई हळूच म्हणाल्या. "आता एकच सांगा. सगळं पटवून झाल्यावर ही जाहिरात माणसाला करायला काय सांगते?"

वकीलबाई बोटांवर मोजू लागली. मथळा, पोरगी, आकडा, डॉक्टर. चौऱ्याऐंशी वेळा आपल्या हातांनी चिकटवलेलं पोस्टर, आणि शेवटी काय आहे ते तिला आठवेना.

"शाळेसमोरच थांबा आहे की," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? चला, बघून येऊ."

सगळा वर्ग जिना उतरून रस्ता ओलांडून थांब्यासमोर जाऊन उभा राहिला. बसची वाट बघणारे लोक दचकून बाजूला सरकले. बाईंनी मोठ्याने वाचलं, "गप्प राहू नका." त्याखाली पत्रा होता.

"मग काय करू?" स्वयंपाकीणबाईंनी विचारलं. "कुणाला सांगू? नंबरबिंबर कुठाय?"

नंबर कुठे आहे ते त्या नऊ जणांत फक्त तिलाच माहीत होतं. तो पोत्यात होता. चौऱ्याऐंशी वेळा, स्वच्छ, सरळ रेषेत, तिनेच कापला होता.

त्या दुपारी ती घरी निबंध लिहायला बसली. तिची म्हातारी आई समोर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "एवढं काय लिहितेस गं?" तिने विचारलं, आणि वकीलबाईने वाचून दाखवलं. घरातल्या चपलांपर्यंत आली तेव्हा आईचे हात थांबले.

"कशाला उकरून काढतेस?" आई म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं झाली. तुझे काका गेले. सुटले बिचारे."

"ते सुटले गं. मी कुठे सुटले?" वकीलबाई म्हणाली. "सात वर्षांची होते. तुला येऊन सांगितलं होतं मी. याच शब्दांत सांगितलं होतं. तू म्हणालीस, मोठ्यांबद्दल असं बोलू नये. आणि मग घरात सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी."

आई एका उशीच्या अभ्र्याला हाताने इस्त्री करत राहिली. मग म्हणाली, "मी तरी कुणाला सांगणार होते? तुझ्या वडिलांना? त्यांचा पाठचा भाऊ तो. असलं कुणाला सांगायचं असतं, हे मला कुणी सांगितलं होतं का?"

वकीलबाईला आईची दया आली आणि आईचा रागही आला. दोन्ही एकाच वेळी आले आणि दोन्ही खरे होते. तिने वही मिटली.

सोमवारी सकाळी ती तडक मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. बायकामुलांत रमलेला, गुडघ्यांनी बेजार, निवृत्तीच्या तारखेकडे डोळे लावून बसलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"फोटो गेलेत," तो म्हणाला. "गिऱ्हाईक खूश आहे. आता आपणच जाऊन सांगायचं की नंबर कापला? म्हणजे हात दाखवून अवलक्षण! झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याने पोस्टर उतरेल, विषय संपेल."

"महिनाभरात एखाद्या पोरीवर बेतलं तर?"

"चौकटीबाहेर काही लावायचं नाही, हा नियम तुला ठाऊक आहे. लावलंस तर कामावरून जाशील. आणि माझ्या जागेवर बसायचंय ना तुला? मग पाच महिने 'का' हा शब्द विसर."

ती काही बोलली नाही. मुकादमाने ओळखायला हवं होतं, की वकीलबाई गप्प बसली म्हणजे धोका असतो.

गोदामात दर मालाबरोबर थोडी जास्तीची पोस्टरं येतात. त्यातलं एक उलगडून तिने खालची चार बोटं पहिल्यांदा वाचली. नंबर होता, आणि फोनला पैसे पडत नाहीत असंही लिहिलं होतं. आधी तिने स्वतःच तो नंबर फिरवून पाहिला. न वाचता कापल्याचा जिला चटका बसलाय ती बाई तपासल्याशिवाय कशाला काही लावेल? पलीकडून एका बाईचा आवाज आला. "बोला. मी ऐकतेय."

बावन्न वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. "काही नाही," ती कशीबशी म्हणाली. "नंबर चालतो का ते बघत होते."

"चालतो. कधीही करा," तो आवाज म्हणाला.

जुन्या पोस्टरांची मागची बाजू कोरी असते. तिने त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि जाड ब्रशने, काळ्या रंगाने लिहायला बसली. संस्थेचं वाक्य तिने घेतलं नाही. तिने लिहिलं : 'कुणी तुला नको तसा हात लावला, भीती वाटली, तर या नंबरवर सांग. तो घरचा असला तरी सांग. तुझी काही चूक नाही.' खाली नंबर, सगळ्यांत मोठा. फोनला पैसे पडत नाहीत, हेही घातलं. दारं किती झाली, ते तिने मोजलं नाही.

मंगळवारी गाडीतून शिडी काढायला लागलेल्या जोडीदाराला ती म्हणाली, "राहू दे. आज शिडीचं काम नाही." आणि चौकटीच्या खाली, बाकाच्या बाजूच्या पत्र्यावर, आपल्या कमरेपेक्षाही खाली तिने पहिली पट्टी चिकटवली. जोडीदाराने रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. "बाई, दोघंही घरी बसू."

"तू फक्त बादली धरलीस. तसंच सांग."

त्याने बादली धरली. गुरुवारी दुपारपर्यंत चौऱ्याऐंशी झाल्या, आणि शेवटच्या वीसेक पट्ट्या तर त्यानेच लावल्या, हे मात्र त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. थांबा कसा असतो ते त्यांनी गाडीच्या काचेतूनच पाहिलेलं. टेबलावर एक पट्टी पडली होती, खरवडून आणलेली. मुकादम भिंतीला लागून उभा होता.

"तक्रारी आल्यात," साहेब म्हणाले. "'घरचा असला तरी' हे काय आहे? लोक म्हणतात, आमच्या घरांवर शिंतोडे उडवता."

"खाई त्याला खवखवे," वकीलबाई म्हणाली.

"तोंड सांभाळून बोला! हे बघा, तुमची इतकी वर्षं झालीत, म्हणून सांभाळून घेतोय. हा माफीनामा आहे. 'भावनेच्या भरात, चुकून झालं.' सही करा, उद्यापर्यंत पट्ट्या काढा, विषय मिटला. मुकादमाच्या जागेचंही बघू. नाहीतर घरी बसा."

तिने कागद वाचला. सावकाश, दोनदा. "यात चूक चुकीची लिहिलीय, साहेब. चूक एकच झाली. बावीस वर्षं मी खालची चार बोटं कापली आणि काय कापतेय ते वाचलं नाही. त्याची माफी लिहा, आत्ता सही करते. वर संस्थेलाही पाठवा."

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम बुटांकडे बघत होता. संस्थेला पाठवलेल्या फोटोंत काय नव्हतं, ते त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं.

"तुम्हाला एवढं काय पडलंय हो?" साहेब चिडून म्हणाले.

"मला सख्ख्या काकाने हात लावला होता," वकीलबाई म्हणाली. "सात वर्षांची होते. त्याने हॅट घातली नव्हती."

तिने आवाज चढवला नाही. उलट हे वाक्य मोठ्याने बोलता येतं, बोलल्यावर छत कोसळत नाही, खुर्च्या जागच्या जागी राहतात, हे पाहून तिलाच नवल वाटलं. मान खाली घातली ती समोरच्या दोघा पुरुषांनी. तिने घातली नाही.

सही तिने केली नाही. "पट्ट्याही मी काढणार नाही," दारातून ती म्हणाली. "मुकादम काढणार असतील तर काढू देत. पण त्यांनी प्रत्येक पट्टी माझ्यासमोर काढायची."

म्हणून शनिवारी सकाळी दोघं एकाच गाडीतून निघाले. मुकादमाच्या हातात खरवडणी, तिच्या हातात खळीची बादली. बादली कशाला, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मुकादम थांब्याथांब्यावर दुखऱ्या गुडघ्यांवर वाकायचा आणि खरवडायचा. ती शेजारी उभी राहून बघायची. चार थांबे झाले.

पाचव्या थांब्यावर तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

पट्टी जागेवर होती. 'तुझी काही चूक नाही' पर्यंत सगळी धड होती. त्याखालचा नंबर नव्हता. नखाने कडा उचलून, ओलं करून, पुन्हा नखाने उचलून, कुणीतरी तेवढाच चौकोन काढून नेला होता. एका कोपऱ्यात कागद फाटलेला, मग थांबून पुन्हा जपून काढलेला. हे करायला मोठ्या माणसाला जमिनीवर बसावं लागलं असतं. लहान माणसाला उभ्याने जमलं असतं.

"वाऱ्याने फाटलं असेल," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खरा वाटला नाही.

"वारा नंबर वाचून फाडत नाही," वकीलबाई म्हणाली.

ती खाली बसली. एप्रनच्या खिशातून नवी पट्टी काढली, बादलीत ब्रश बुडवला आणि जुन्या पट्टीच्या शेजारी नवी लावली. नंबरवरून ब्रश दोनदा फिरवला. कुणीतरी तो खिशात घालून नेला होता. म्हणजे आणखी कुणाला लागणार होता.

"मला साहेबांना सांगावं लागेल," मुकादम म्हणाला. "जागाही जाईल, कामही जाईल."

"सांगा. खरं तेच सांगा."

मुकादमाने खरवडणी गाडीत टाकली. "गुडघे दुखतायत माझे," तो म्हणाला. "आज नाही होणार बाकीच्या." आणि तो ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला तो परत उतरलाच नाही. तिने गाडी मागे वळवायला लावली आणि पहिल्या चार थांब्यांवर परत पट्ट्या लावल्या.

बुधवारी मुकादम स्वतः तिच्या घरी आला. पाकीट त्याने टेबलावर ठेवलं आणि पाणीही न घेता उभा राहिला. तिने फोडलं. नियमभंग, उद्धटपणा, वरिष्ठांच्या आज्ञेचा अवमान, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली साहेबांची लांबलचक सही.

आई दारातून बघत होती. "काय गं? काय आहे?"

"कामावरून काढलं," वकीलबाई म्हणाली, आणि कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती, कागदही चांगला जाड होता. तिने तो आडवा दुमडला, दुमडीवरून नख फिरवलं आणि पातं मागितलं. आईनेच आणून दिलं. दोन पट्ट्या निघाल्या.